खिडकीतल्या फुलांच्या बॉक्सचं लायनिंग आणि उन्हाळी लागवड: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आम्ही नवी मुंबईत नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली रस्ता, समोर दुसरी बिल्डिंग. हॉलची खिडकी पश्चिमेला. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी हौसेने दोन तारेचे लांबट प्लांटर आणले, आत काथ्याची चटई घातलेले, त्यात पेटुनिया लावले, आठ दिवस अख्खी लेन वर बघत होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे मेले. रोज दोनदा पाणी घालत होते तरी मेले. शेवटी एक रोप उपटून पाहिलं तर मुळांचा गोळा टोस्टसारखा कडक सुका, आणि बाजूची चटई मात्र ओलीचिंब. म्हणजे पाणी मुळांपर्यंत जातच नव्हतं, कडेने सरळ खाली जात होतं. आणि ते खाली जाणारं पाणी चहासारखं तपकिरी, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर त्याचे डाग. त्या दिवसापासून मला कळलं की उन्हाळ्यात फुलं कोणती हा नंतरचा प्रश्न आहे, आधी बॉक्सच्या आतलं अस्तर म्हणजे लायनिंग नीट हवं. हे कुणी सांगत नाही, नर्सरीवाले पण नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

कधी सुरू करायचं ते आधीच सांगते: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. एप्रिलमध्ये लावलेली रोपं मुळं धरायच्या आधीच उन्हात सापडतात.

१. आधी खिडकीचं ऊन ओळखा

एक सुट्टीचा दिवस काढा आणि सकाळी ८, दुपारी १२, ३ आणि ५ ला खिडकीत ऊन कुठपर्यंत येतं ते बघून फोनवर फोटो काढून ठेवा. मोठी चूक होते ती दक्षिणेच्या खिडकीत. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे मस्त ऊन असतं, आपल्याला वाटतं फुलांसाठी हीच बेस्ट जागा. पण आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, त्याच दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटपर्यंत तो दुपारी डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. वर छज्जा असेल तर एप्रिलपासूनच दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येत नाही. फेब्रुवारीचं ऊन बघून लावलेली ऊन-फुलं मग लांबुडकी होतात, कळ्या धरत नाहीत, आणि आपण खत घालत बसतो.

उलट उत्तरेच्या खिडकीत मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. पूर्वेची खिडकी सगळ्यात सोपी, ११-१२ पर्यंत ऊन आणि मग आराम. पश्चिमेची सगळ्यात कठीण, दुपारी एकपासून पार सूर्य मावळेपर्यंत भाजते, त्यात भिंत आणि ग्रील तापलेलं राहतं. पण पश्चिमेला जमलं की कुठेही जमेल.

२. सोसायटीचं आणि खालच्यांचं आधी बोलून घ्या

ग्रीलच्या आत ठेवणार असाल तरी सेक्रेटरींना एक साधा अर्ज द्या, ग्रीलच्या बाहेर काही लटकवणार असाल तर लेखी परवानगी घ्याच. अर्जात एवढं पुरे: फ्लॅट नंबर, कोणती खिडकी, किती बॉक्स, प्रत्येकाचं भरल्यावरचं वजन अंदाजे, आणि पाणी खाली गळणार नाही याची काय सोय केली. सोबत खिडकीचा एक फोटो. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घेऊन ठेवा. बिल्डिंगला रंगकाम किंवा प्लास्टरचं काम निघणार असेल तर ते झाल्यावरच सुरू करा, नाहीतर परांची बांधताना सगळं काढावं लागेल आणि परत झाडांवर सिमेंटचे शिंतोडे.

आणि खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगा. त्यांचे कपडे किती वाजता वाळत असतात ते विचारा. आमच्या काकू सकाळी ९ नंतर कपडे वाळत घालतात, मी पाणी ७ च्या आत घालते, त्या दिवसानंतर आजपर्यंत एकदाही कुरबुर नाही.

ग्रीलला आगीच्या वेळी उघडायची झडप असेल तर तिच्यासमोर बॉक्स ठेवायचा नाही. यात तडजोड नाही.

३. बॉक्स कोणता आणि वजन किती

बॉक्स बघताना लोक रंग बघतात, तुम्ही वजन बघा. २४ इंच लांब, ६ इंच रुंद, ६ इंच खोल असा नेहमीचा बॉक्स घेतला तर त्यात साधारण १४ लिटर माती बसते. नुसती बागेची माती भरून पाणी घातलं की ते २३-२५ किलो होतं. तोच बॉक्स कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणाने भरला तर १५ किलोच्या आसपास. जुनं गंजलेलं बॉक्स ग्रील (खिडकीबाहेर आलेलं, पिंजऱ्यासारखं) असेल आणि तुम्ही ओळीने चार बॉक्स ठेवले तर शंभर किलो की साठ किलो, एवढा फरक पडतो. ग्रीलचे भिंतीतले पाय हलवून बघा, हलत असतील तर आधी फॅब्रिकेटरला बोलवा.

तारेचा बॉक्स दिसायला छान, पण उन्हाळ्यात सगळ्यात लवकर सुकतो. प्लास्टिक किंवा फायबरचा हलका आणि ओल धरणारा, नवीन माणसाने हाच घ्यावा असं माझं मत. फक्त एक बघा, बऱ्याच प्लास्टिक बॉक्सना खाली भोकांच्या जागी नुसत्या गोल खुणा असतात, त्या आपण पाडायच्या असतात. न पाडता माती भरली तर पहिल्याच आठवड्यात मुळं कुजतात. पत्र्याचा बॉक्स पश्चिमेला नकोच. प्लायवूडचा तर अजिबात नको, फुगतो.

खोली ६ इंचापेक्षा कमी घेऊ नका, ८ मिळाली तर उत्तम, कारण जेवढी माती जास्त तेवढी ती उशिरा तापते.

बांधायला केबल टाय वापरू नका, उन्हाने वर्षभरात ठिसूळ होऊन तुटतात. जाड जीआय वायर (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार), प्रत्येक बॉक्सला दोन ठिकाणी, आणि वायरची टोकं आत वळवलेली. रो-हाऊसवाल्यांनी खिडकीखाली भिंतीला एल ब्रॅकेट लावायचे असतील तर आधी भिंतीवर टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर तिथलं प्लास्टर सुटलंय, फास्टनर धरणार नाही.

४. सामान

सगळं एकदम आणून ठेवा, अर्धवट काम करून नर्सरीत पळायला नको.

- बॉक्स, आणि त्याच्या लांबीची खाली ठेवायची ट्रे
- काथ्याची चटई (फक्त तारेच्या बॉक्ससाठी)
- ५ किंवा १० किलो तांदळाच्या रिकाम्या जाड प्लास्टिक पिशव्या
- शेडनेटचा, म्हणजे झाडांवर सावलीसाठी लावतात त्या जाळीचा, जुना तुकडा
- कोकोपीटची वीट, लाल माती, गांडूळखत, निंबोळी पेंड
- मोठी कात्री, दाभण, सुतळी, जीआय वायर, पक्कड, खुरपं
- दोन बादल्या आणि एक घमेलं

ठाण्याकडच्यांना घोडबंदर रोडला नर्सऱ्या आहेत, आमच्याकडे नवी मुंबईत हाय टेन्शन तारांखालच्या पट्ट्यात आहेत. सकाळी जा, दुपारी रोपं मान टाकून असतात आणि निरोगी कोणतं ते कळत नाही.

५. लायनिंग (हे घाईत करू नका)

तारेच्या बॉक्सचं आधी सांगते, कारण त्यातच जास्त फसायला होतं.

पहिलं काम, चटई भिजवणं. काथ्यातून तपकिरी रंग सुटतो, काकूंच्या चादरीवर पडला तो हाच. बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी फेका, परत भरा. माझ्या चटईला तीन पाणी लागली, तिसऱ्या वेळी पाणी फिक्क्या चहासारखं झालं तेव्हा मी थांबले. भिजलेली चटई मऊ होते, मग ती बॉक्सच्या कोपऱ्यात नीट बसते, कोरडी असताना दाबली तर घडीवर तुटते.

दुसरं, चटई आत बसवून वर एक इंच जास्त ठेवा, आता कापू नका. माती भरली की ती खाली बसते, मग कडा कापायची. चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन ठिकाणी दाभणाने सुतळी ओवून तारेला शिवून टाका. शिवल्याशिवाय ठेवली तर पाणी घालताना चटई आतल्या बाजूला पडते आणि तिथून माती वाहते.

तिसरं, आणि याच एका गोष्टीने माझे बॉक्स वाचले: चटईच्या आत तांदळाच्या पिशवीचं दुसरं अस्तर. पिशवी बाजूने कापून सपाट करा, बॉक्सच्या चारही भिंतींना लागेल अशी बसवा, उंची काठापासून दीड इंच खाली, म्हणजे बाहेरून प्लास्टिक दिसणार नाही. भिंतींना एकही भोक नाही. तळाला मात्र पेन्सिल जाईल एवढी ६-७ भोकं, सारख्या अंतरावर. उघड्या चटईतून चारही बाजूंनी वारं ओल ओढून घेतं, प्लास्टिकने ते थांबतं आणि पाणी फक्त खालून, जादा असेल तेवढंच निघतं. आधी मला दिवसातून दोनदा पाणी घालूनही पुरत नव्हतं, या अस्तरानंतर एप्रिलमध्ये सकाळचं एक पाणी पुरलं, फक्त मेमध्ये संध्याकाळी थोडं.

चौथं, भोकांवर शेडनेटची एक घडी, माती वाहू नये म्हणून. एवढंच. खाली खापऱ्या, विटांचे तुकडे, थर्माकोल यांचा जाड थर देऊ नका. आपण लहानपणापासून बघतो म्हणून देतो, पण सहा इंचाच्या बॉक्समध्ये दोन इंच खापऱ्या म्हणजे मुळांना चारच इंच, आणि पाणी खापऱ्यांत लगेच उतरत नाही, त्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. निचरा सुधारत तर नाहीच, ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो.

प्लास्टिक-फायबरच्या बॉक्सला काथ्या नको. भोकं पाडा, शेडनेट घाला, आणि पश्चिमेची खिडकी असेल तर बॉक्सच्या बाहेरच्या, म्हणजे ऊन लागणाऱ्या भिंतीला आतून एक पातळ थर्माकोलची पट्टी लावा. मेमध्ये दुपारी चार वाजता बॉक्सच्या त्या बाजूला हात लावून बघा, हात ठेववत नाही, आणि मुळं बरोब्बर तिथेच चिकटलेली असतात. झाड पाण्याअभावी मान टाकतंय असं वाटतं पण बऱ्याचदा मुळं शेकलेली असतात.

६. माती कालवणं

कोकोपीटची वीट बादलीत फोडून भिजवा, ६५० ग्रॅमच्या विटेचं फुलून ८-९ लिटर होतं, एका विटेत एक बॉक्स आरामात निघतो. पहिलं पाणी गाळून फेका, परत भिजवा, परत फेका. कोकोपीटमध्ये क्षार असतात, न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात आणि आपल्याला वाटतं उन्हाने करपल्या.

मग घमेल्याच्या मापाने: दोन घमेली कोकोपीट, एक लाल माती, एक गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. हाताने कालवा. मूठ वळून उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. फुटत नसेल तर माती जास्त झालीय.

ताजं शेणखत घालू नका. कुजलेलं नसेल तर मुळं भाजतात, शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या येतात, पांढऱ्या, जाड, वळलेल्या, त्या आतून मुळं खातात आणि वरून काहीच कळत नाही.

आणि एक, हे मिश्रण पूर्ण सुकू द्यायचं नाही. कोकोपीट एकदा कोरडंठाक झालं की पाणी आत घेत नाही, वरून घातलेलं कडेने निसटतं. माझ्या पेटुनियांचं तेच झालं होतं. तुमचं झालंच तर बॉक्स खाली काढून अर्धा तास टबात पाण्यात बसवा, वरून कितीही ओतून उपयोग नाही.

७. रोपं कोणती

मार्चमध्ये नर्सरीत पेटुनिया, डायन्थस, पॅन्झी फुलांनी लगडलेले असतात आणि मोह होतोच. घेऊ नका. ती थंडीतली झाडं आहेत, त्यांचा सीझन संपत आलेला असतो.

कडक उन्हासाठी ऑफिस टाईम, म्हणजे आपला चिनी गुलाब, याला पहिला नंबर. पानं मांसल, पाणी साठवतात, एखाद दिवस विसरलात तरी माफ करतो, आणि बॉक्सच्या कडेवरून खाली लोंबतो. फुलं सकाळी ऊन चढलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून तर ते नाव. पश्चिमेच्या खिडकीत जिथे ऊनच दुपारी येतं तिथे फुलं उशिरा उघडतात हे लक्षात ठेवा. सोबत सदाफुली, ही दिवसभर उघडी असते म्हणून संध्याकाळी घरी येणाऱ्यांना पण बॉक्स रिकामा दिसत नाही. सदाफुली पोटात गेली तर विषारी असते, लहान मूल किंवा मांजर असेल तर हाताला लागणार नाही अशी लावा. गोम्फ्रेना, झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस हे बियांपासून येतात, पूर्वेच्या खिडकीत छान. ऊन नसलेल्या दक्षिणेच्या किंवा समोर बिल्डिंग असलेल्या खिडकीत फुलांचा हट्ट सोडा, कोलियस, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, जांभळी ट्रॅडेस्कँशिया लावा, पानांचेच रंग भरपूर आहेत.

रस्त्यावरून कसं दिसेल याचा विचार इथेच करायचा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचा बॉक्स माणूस खालून बघतो, त्याला फक्त पुढची कड दिसते. उभी वाढणारी झाडं मागे लपतात. म्हणून पुढच्या ओळीत सगळं लोंबणारं, मागे तीन उंच पुरे. रो-हाऊसच्या तळमजल्याला उलट, तिथे वरून दिसतं, तिथे भरगच्च पसरणारं घ्या. आणि रंग कमी ठेवा. आमची बिल्डिंग क्रीम रंगाची, त्यावर पांढरी आणि पिवळी फुलं खालून दिसतच नाहीत, मी पुढे गडद राणी रंगाचा ऑफिस टाईम आणि मागे त्याच रंगाची सदाफुली लावली, तेव्हा समोरच्या फुटपाथवरून सुद्धा उठून दिसायला लागलं.

८. लावायचं कसं

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आधी रोपाच्या पिशवीला पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, मग पिशवी कापा, ओढून काढू नका. २४ इंचाच्या बॉक्समध्ये मागे तीन सदाफुली, पुढे चार-पाच ऑफिस टाईम, यापेक्षा जास्त दाटी नको. माती काठापासून एक इंच खाली, नाहीतर पाणी घातलं की सगळं खालच्यांच्या खिडकीत. असलेली फुलं खुडून टाका, जीवावर येतं पण खुडा, झाड मग मुळांवर जोर देतं. चार-पाच दिवस वर शेडनेट किंवा जुन्या ओढणीची सावली.

पहिल्या तीन आठवड्यांत खरा त्रास कबुतरांचा. मऊ माती दिसली की येऊन बसतात, उकरतात, अंडी घालतात, आणि अंडी घातली की तुमचेच हात बांधले जातात. रोपांच्या मधल्या मोकळ्या मातीत बांबूच्या काड्या, बोटभर अंतराने, उभ्या खोचून ठेवा. रोपं पसरली की काढा.

९. पाणी, खत, रोग

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. सकाळी ७ च्या आत, दोन टप्प्यांत: आधी थोडं, पाच मिनिटांनी बाकीचं. भर दुपारी झाड मलूल दिसलं तर थांबा, संध्याकाळी आपोआप उभं राहिलं तर पाण्याची गरज नव्हती.

मेमध्ये पाणीकपात असते तेव्हा एसीचं पाणी बादलीत धरा. आपल्या दमट हवेत रात्रभर एसी चालला की ५-६ लिटर सहज मिळतं, त्यात क्षार नसतात, झाडांना अगदी चांगलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पण चालतं. आरओ फिल्टरच्या नळीतून निघणारं वाया पाणी मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, कुंड्यांवर पांढरा थर चढतो.

खालची ट्रे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो, अंडी ट्रेच्या कडेला चिकटलेली असतात म्हणून नुसतं ओतून टाकून चालत नाही.

खत पंधरा दिवसांनी एकदा, मूठभर गांडूळखत वर भुरभुरून. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, संध्याकाळी फवारायचं, उन्हात फवारलं तर पानं जळतात.

१०. पावसाच्या आधी

आपल्याकडे मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, पण त्याआधी मेच्या शेवटी वळवाचा जोरदार वारा सुटतो. २५ मेच्या आसपास सगळ्या वायर तपासा, ढिल्या झालेल्या परत पिळा. उन्हाळ्यात ज्या प्लास्टिकने झाडं वाचवली तेच पावसात घात करतं, तळाला दाभणाने आणखी भोकं पाडा आणि खालची ट्रे काढून टाका. सदाफुलीची मुळं साचलेल्या पाण्यात लगेच कुजतात, शक्य असेल तर तिचा बॉक्स छज्जाखाली आत सरकवा.

ऑफिस टाईमच्या बोटभर लांबीच्या फांद्या कापून घ्या, खालची पानं काढून एका छोट्या कुंडीत खोचा, आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. ती कुंडी पावसाभर आतल्या उजेडाच्या खिडकीत ठेवायची, पाणी अगदी बेताचं. माझ्या या वर्षीच्या दोन्ही बॉक्समधला राणी रंग तशाच एका कुंडीतून आलेला आहे.